नदीकाठची झोपडी: पुढची रांग की मागची?

नागपूरहून पाठीवर पिशवी टाकून दोन रात्री कुठेतरी पाण्याकाठी काढायच्या असतील, तर पेंच नदीचा पारशिवनी तालुक्यातला पट्टा जवळचा पडतो. तोतलाडोह धरणाच्या खाली आणि नवेगाव खैरीच्या जलाशयाच्या वरच्या अंगाला काही शेतकऱ्यांनी बांधाच्या कडेला साध्या झोपड्या उभ्या केल्या आहेत. त्यांतल्या सहा झोपड्यांच्या एका मुक्कामाबद्दल हे लिहिलं आहे. जागेचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. एकच कुटुंब ती चालवतं, आणि इथल्या बऱ्यावाईट गोष्टींतल्या बहुतेक या काठावरच्या कुठल्याही झोपडीला लागू पडतात.

आधी पैशांचं. सोमवार ते शुक्रवार दोन माणसांना एका झोपडीचे ७०० रुपये, शनिवार-रविवारी ९००. तिसरा माणूस असेल तर जादा बाज टाकून १५०. साधं जेवण १५० रुपयांना पोटभर, मासे घेतले तर २५०. चहा आणि सकाळचे पोहे भाड्यातच धरलेले. या पैशांत छप्पर, बाज, मच्छरदाणी, एक बल्ब, एक प्लग, बादलीभर गरम पाणी आणि समोर नदी एवढं मिळतं. एसी, गिझर, वायफाय, खोलीला लागून संडास यांतलं काहीही नाही, आणि तशी जाहिरातही मालक करत नाहीत. फोनवरच सगळं स्पष्ट सांगतात. हा प्रामाणिकपणा या धंद्यात कमीच दिसतो, म्हणून तो आधी नोंदवतो.

पैसे वसूल होतात का? होतात, पण झोपडी बरोबर निवडली तरच. सहापैकी तीन पुढच्या रांगेत आहेत, पाण्यापासून २५-३० फुटांवर. मागच्या तीन सव्वाशे फूट आत, चढावर. भाडं दोन्हीकडे सारखंच. फोटोत पुढच्या रांगेतल्या झोपड्या दिसतात, म्हणून सगळे त्याच मागतात आणि त्याच आधी भरतात. आमचा सल्ला उलटा आहे. फोनवरच सांगा, 'भाऊ, मागची द्या.'

कारण ओल. नदीकाठच्या झोपडीत जे काही बिघडतं, त्याची मुळं नव्वद टक्के ओलीत सापडतात. डिसेंबर-जानेवारीत पहाटे नदीचं पाणी हवेपेक्षा गरम असतं. त्यावरून धुकं उठतं आणि काठाकाठानं वीस-तीस पावलं आत सरकतं. पुढच्या झोपड्यांच्या गवतावर, दारावर, बाहेर वाळत टाकलेल्या टॉवेलवर ते बसतं, आणि कापसाची गादी ते पिऊन घेते. हात फिरवला तर गादी नुसती थंड वाटते, पण तासभर निजलं की पाठ दमट होते. ओलीवर डास येतात, बेडूक येतात, आणि बेडकांमागे साप. मागची रांग चढावर असल्यानं तिथं गादी कोरडी राहते, आणि दारात बाज ओढून बसलं तर नदीही दिसतेच. पाण्याशी बसायचं ते दिवसा. रात्री झोपायला कोरडी जागा हवी.

मागच्या रांगेलाही एक अपवाद आहे. तिन्हींतली शेवटची झोपडी मोहाच्या झाडाखाली आहे. मार्च-एप्रिलमध्ये, मोह गळायच्या दिवसांत, ती घेऊ नका. फुलं रात्री उशिरा ते पहाटेपर्यंत टपटप गळतात आणि ती खायला हरणं येतात, अस्वलही येतं. गावातली माणसं उजाडताना टोपल्या घेऊन मोह वेचायला निघतात तेव्हा बोलत, आवाज करत निघतात ते यासाठीच. पहाटे चारला संडासाला जायचं म्हणून त्या झोपडीचं दार उघडण्यात शहाणपणा नाही. इतर महिन्यांत मात्र त्याच मोहाच्या सावलीमुळे ती सगळ्यांत गार झोपडी ठरते.

आता बांधणी. झोपडी साधारण १० बाय १२ फुटांची. दगड-मातीचा ओटा, त्यावर कुडाच्या भिंती, म्हणजे बांबूच्या तट्ट्याला आतून-बाहेरून माती आणि शेण लिंपलेलं. मागच्या रांगेतले ओटे दोन फूट उंच आहेत, पुढचे जेमतेम नऊ इंच. हाही मागची घेण्याचा एक हिशेब. छपरं तीन तऱ्हेची आहेत आणि तिन्हींचा स्वभाव वेगळा.

कवेलूचं, म्हणजे कौलांचं, छप्पर सगळ्यांत चांगलं, पण खाली बांबूची चटई मारलेली असेल तर. चटई असली की कवेलूंतून गळणारी धूळ आणि पालींची घाण अंगावर पडत नाही, दुपारचं ऊनही अडतं. कवेलूचे वैरी म्हणजे वानरं. एक टोळी छपरावरून उड्या मारत गेली की पाच-सात कवेलू सरकतात. पावसाळ्याआधी ते फेरले नाहीत तर गळती ठरलेली. दिवसा आत उभं राहून वर बघा. उजेडाची टिकली दिसली तर रात्री पाऊस तिथूनच येणार. बाज तिथून हलवून घ्या.

गवताचं छप्पर उन्हाळ्यात थंड, हिवाळ्यात उबदार. मात्र उंदीर त्यातच राहतात, विंचूही. आणि आगीचा धोका खराच. गवती झोपडीत मच्छर अगरबत्ती किंवा कॉइल पेटवू नका, मेणबत्ती तर नाहीच. टिनाची झोपडी एकच आहे, पुढच्या रांगेत. मार्च ते जून तिच्यात सकाळी नऊनंतर बसवत नाही, पावसाळ्यात आवाजानं बोलणं ऐकू येत नाही, आणि थंडीत पहाटे टिनाच्या आतल्या बाजूला दव जमून थेंब चेहऱ्यावर पडतात. तिचं भाडं मालकांनी कमी करायला हवं.

सकाळी उठल्यावर उशीवर बारीक पिवळसर भुसा दिसला तर घाबरू नका, पण त्याचा अर्थ समजून घ्या. छपराच्या बांबूला भुंगेरा लागला आहे. बांबूत साखर आणि पिठूळ अंश असतो, त्यावर ही कीड जगते. बांबू तोडल्यावर काही आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवला की तो अंश निघून जातो आणि कीड कमी लागते. जुनी माणसं ते करत. घाईत उभारलेल्या झोपडीत कच्चाच बांबू वापरला जातो. पहिल्या वर्षी तो छान दिसतो, तिसऱ्या वर्षी वासा हातानं दाबला तरी चुरतो. इथं मागच्या दोन झोपड्यांचे वासे टणक आहेत. पुढच्या मधल्या झोपडीत भुसा रोज पडतो. तसंच खांबाच्या बुडाशी मातीची बोटभर रुंद रेघ वर चढलेली दिसली तर ती वाळवी आहे. पिशवी त्या भिंतीला टेकवू नका, एका रात्रीत ती पिशवीच्या कापडात शिरते.

जमीन शेणानं सारवलेली आहे. स्वच्छ सारवलेली जमीन पायाला गार आणि छान लागते, धूळही उडत नाही. फक्त ओलं सारवण वाळायला उन्हात दोन-तीन तास लागतात. संध्याकाळी पाहुणे येणार म्हणून चार वाजता सारवलं तर ते रात्रभर वाळत नाही आणि सगळी खोली दमट होते. तुमची गाडी उशिरा पोचणार असेल तर मालकांच्या घरातल्या काकूंना आधीच सांगून ठेवा, 'आज सारवू नका, नुसतं झाडून घ्या.' त्या ऐकतात.

बाजेबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण झोप तिच्यावर आहे. इथं सुती नवारीच्या दोन आणि नायलॉनच्या दोरीच्या बाकीच्या बाजा आहेत. नायलॉनची दोरी ताणली जाते, चार पाहुणे झोपून गेले की बाजेचा झोळा होतो आणि सकाळी कंबर धरते. उपाय दहा मिनिटांचा आहे. गादी काढा. पायथ्याकडे विणीपासून आडव्या लाकडापर्यंत जे मोकळे दोर जातात, त्यांची शेवटची गाठ सोडा. गाठीच्या विरुद्ध टोकापासून सुरुवात करून एकेक फेरा ओढत या. लाकडाला पाय टेकवून अंगाच्या जोरानं ओढायचं, नुसत्या हातांनी ताण बसत नाही. प्रत्येक फेऱ्याचा सैल भाग पुढच्यात ढकलत शेवटी पोचलात की दोन वेढे देऊन पक्की गाठ मारा. हातानं दाबल्यावर वीण चार बोटांपेक्षा जास्त खाली जाता कामा नये. मालकांना सांगितलं तर ते स्वतःच येऊन करून देतात, पण अंधार पडायच्या आत सांगा.

मच्छरदाणी प्रत्येक बाजेला आहे, चार कोपऱ्यांना बांधलेल्या काठ्यांवर. जाळी बारीक आहे, हे चांगलं. काडेपेटीच्या काडीचं डोकं ज्या जाळीतून आरपार जातं ती मच्छरदाणी काही कामाची नाही. इथल्या मच्छरदाण्यांचा दोष म्हणजे भोकं. तीन मच्छरदाण्यांना बोटाएवढी भोकं आहेत. सुई नसेल तर भोकाभोवतीची जाळी चिमटीत धरून वर ओढा आणि दोऱ्यानं किंवा रबरबँडनं करकचून बांधा, टाक्यापेक्षा हे लवकर होतं. मच्छरदाणी वीतभर गादीखाली खोचायची, नुसती लोंबती ठेवायची नाही. आणि अंग जाळीला टेकू द्यायचं नाही. कोपर जाळीला लागलं की डास बाहेरूनच चावतो. मलेरियाचा डास रात्री आणि पहाटे चावतो, डेंगीचा दिवसा, म्हणून ऑगस्ट ते ऑक्टोबर या महिन्यांत संध्याकाळी नदीवर बसताना पूर्ण बाह्यांचे कपडे आणि ओडोमॉस हवंच.

मच्छरदाणी खोचण्याचं दुसरं कारण डासांपेक्षा मोठं आहे. या भागात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चारही विषारी साप आहेत. त्यांतला मण्यार रात्री फिरतो, उंदरांच्या मागे घरात शिरतो, आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला झोपेतच चावतो. त्याचा चावा फारसा दुखत नाही, कधी खूणही दिसत नाही. म्हणून दोन बाजा पुरत नाहीत तर तिसऱ्यानं खाली चटई टाकून झोपू नये. दीडशे रुपये देऊन जादा बाज घ्या, इथं ती काटकसर करायची जागा नाही. पहाटे पोटात दुखणं, पापण्या जड होणं, बोलताना जीभ अडखळणं असं कुणाला झालं तर सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा आणि त्याच वेळी मालकांची गाडी काढा. रामटेकला उपजिल्हा रुग्णालय आहे, पुढे नागपूरचं मेडिकल, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. दोरी आवळणं, चिरा देणं, विष चोखणं यांतलं काहीही करायचं नाही. चावलेला हात किंवा पाय हलवू न देता दवाखाना गाठायचा. मालकांची गाडी रात्री अंगणातच असते आणि चावी स्वयंपाकघरात टांगलेली असते. हे आम्ही या मुक्कामाच्या सगळ्यांत जमेच्या बाजूंत धरतो.

बूट बाहेर ठेवू नका. ठेवलेच तर सकाळी उलटे करून आपटून घाला. पिशवी जमिनीवर न ठेवता वाशाला दोरीनं टांगा. पाच मीटर नायलॉन दोरी सोबत असली की पिशवी, ओले कपडे, फाटकी मच्छरदाणी सगळ्याची सोय होते. शेंगदाणे, बिस्किटं, चिवडा पिशवीत ठेवाल तर उंदीर पिशवीच कुरतडतील. खायचं ते स्टीलच्या डब्यात. दाराला कडी-कोयंडा आहे, कुलूप तुमचं तुम्ही आणायचं. छोट्या सुटकेसचं कुलूप कोयंड्यात बसत नाही, ४० मिलिमीटरचं आणा.

संडास दोन आहेत, भारतीय पद्धतीचे, बाहेर. एक पुढच्या रांगेजवळ, एक मागे. दोन्ही स्वच्छ असतात, सकाळ-संध्याकाळ धुतात. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात काही अडचण नाही. पावसाळ्यात पुढचा संडास तुंबतो. तो घाण ठेवतात म्हणून नव्हे. नदी भरली की जमिनीतलं पाणी वर येतं, शोषखड्डा आधीच भरलेला असतो, त्यामुळे भांड्यात टाकलेलं पाणी खाली न जाता वर येतं. शिवाय तो खड्डा नदीपासून फार जवळ आहे, आणि इथून खाली नवेगाव खैरीत साठणारं पाणी पुढे नागपूरच्या नळाला येतं. मालकांनी तो संडास बंद करून मागे चढावर दुसरा बांधावा. आमची या मुक्कामाबद्दलची सगळ्यांत मोठी तक्रार हीच आहे. पाहुण्यांनीही नदीत साबण-शाम्पू लावून अंघोळ करू नये. न्हाणीघर आहे, चुलीवर तापवलेलं पाणी मिळतं, तिथंच करा.

पिण्याचं पाणी बोअरिंगचं आहे, स्वयंपाकघरात माठात भरलेलं. ते चांगलं आहे. पोट नाजूक असेल तर काकू उकळून देतात, फक्त त्या चूल विझवायच्या आत मागा. नदीचं पाणी दिसायला कितीही स्वच्छ असो, उकळल्याशिवाय पिऊ नका. थंडीत माणशी तीन लिटर पुरतं. एप्रिल-मेमध्ये सहाच्या खाली हिशेब धरू नका.

वीज आहे, पण ती जाते. इन्व्हर्टरवर फक्त बल्ब चालतात, प्लग नाही. दहा हजार एमएएचची पॉवर बँक दोन माणसांना दोन रात्री पुरते. नेटवर्क ओट्यावर एखाद-दोन काड्या, झोपडीत शून्य. पंखा छताला टांगलेला नाही आणि ते बरोबरच आहे, बांबूचा वासा फिरत्या पंख्याचा हिसका फार दिवस सहन करत नाही. उन्हाळ्यात १०० रुपये जादा घेऊन कूलर देतात. एप्रिल-मेच्या आपल्या कोरड्या उष्ण हवेत वाळ्याचा कूलर खिडकीच्या बाहेर ठेवला तर झोपडी मस्त गार होते. आत ठेवला तर खोलीतलीच दमट हवा फिरते, तासाभरात चिकचिक सुरू. जुलैपासून कूलरचा उपयोग संपतो, कारण बाहेरच दमट. तेव्हा शंभर रुपये वाचवा.

नदीबद्दल एक गोष्ट नवख्या माणसाला कळत नाही. या ठिकाणी पेंचचं पाणी पावसाशिवायही चढतं. वर तोतलाडोहला १६० मेगावॉटचं जलविद्युत केंद्र आहे. ते चालू झालं की सोडलेलं पाणी इकडे येतं, आभाळ कोरडं असलं तरी. काठावरच्या दगडांवर बघा, ओलीची गडद रेघ पाण्याच्या वर किती आहे ते. हात-दीड हात वर असेल तर पाणी नुकतंच तिथपर्यंत येऊन गेलं आहे. चपला, कॅमेरा, पोरं त्या रेघेच्या वर ठेवा. पावसाळ्यात तर मालकांना सकाळ-संध्याकाळ विचारा, 'भाऊ, वरून पाणी सोडणार आहेत का?' त्यांना गावातून निरोप येतो. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस तोतलाडोहचे सगळे दरवाजे उघडावे लागले होते, आणि पारशिवनी, कामठी, मौद्याकडच्या गावांत पाणी शिरलं होतं. नऊ इंचांच्या ओट्याला अशा वेळी काही अर्थ उरत नाही. म्हणून जुलैच्या मध्यापासून सप्टेंबर अखेरपर्यंत आम्ही पुढची रांग कुणालाच सुचवणार नाही, आणि मालकांनीही त्या दिवसांत ती भाड्यानं देऊ नये.

पोहायचं नाही. पेंचमध्ये मगरी आहेत. त्याशिवाय काठाशी गुडघाभर गाळ, दोन पावलांवर एकदम खोल, आणि पाण्याखाली मासेमारीची जाळी. पाय अडकला की पोहता येणाराही सुटत नाही. पाण्यात शिरायची हौस असेल तर कोलितमाऱ्याला बोटीतून नदी बघता येते. काठाकाठानं चाललेली ती सफर, दोन्ही बाजूंना सागाचं जंगल, पाण्यात उभी राहिलेली वाळकी झाडं आणि त्यांवर पंख पसरून बसलेले पाणकावळे, यासाठी सकाळची वेळ निवडा. अंधार पडल्यावर झोपड्यांच्या कुंपणाबाहेर पायी जाऊ नका. हा व्याघ्र प्रकल्पाच्या शेजारचा भाग आहे, आणि बिबट्याला कुंपण आणि रस्ता यांत फरक कळत नाही.

जेवण उत्तम. चुलीवरची ज्वारीची भाकर, डाळ, भात, एक भाजी, कांदा, ठेचा. थंडीत तुराट्यांच्या जाळावर भाजलेल्या वांग्याचं भरीत मागा, त्यात कांद्याची पात आणि कच्चं तेल सोडलेलं असतं. तिखट आपल्या नेहमीच्या चवीचं आहे, कमी हवं तर सांगावं लागतं. मासे हवे असतील तर सकाळी नऊच्या आत सांगा. ढीवरांकडून रोहू किंवा मरळ येते ती सकाळीच, फ्रीजमध्ये ठेवलेली नसते. संध्याकाळी सातला पोचून मासे मागितले तर मिळणार नाहीत, आणि ते बरंच आहे.

आकाशासाठी अमावास्येच्या आगेमागे जा. महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपणारं क्षेत्र, म्हणून मान्यता मिळाली. तारे बघण्याची खास सोय वाघोलीकडे आहे, पण या काठावरही अंधार दाट आहे. त्यात अंगणातला हॅलोजन तेवढा खुपतो. जेवणं झाली की मालकांना तो बंद करायला सांगा. टॉर्चच्या काचेला लाल जिलेटिन लावून घ्या, संडासाला जाऊन आल्यावर डोळ्यांना पुन्हा अंधाराची सवय करत बसावं लागत नाही.

केव्हा जावं? नोव्हेंबरचा दुसरा आठवडा ते फेब्रुवारी अखेर सर्वांत चांगलं. मात्र डिसेंबर-जानेवारीत नागपुरात जेवढी थंडी असते त्याहून इथं जास्त वाजते. मालक माणशी एक चादर आणि एक ब्लँकेट देतात, ते कमी पडतं. कुडाच्या भिंतीला वरच्या बाजूनं फट असते, वारा तिथून येतो. स्वतःची गोधडी किंवा स्लीपिंग बॅग न्या, आणि एक जाड चादर अंगाखाली घाला. बाजेला खालून वारा लागतो, त्यामुळे वरून कितीही पांघरलं तरी पाठ गार पडते. मार्चमध्ये पळस फुललेला असतो, उन्हाचा त्रासही दुपारपुरताच. मेमध्ये सकाळी दहा ते संध्याकाळी पाच झोपडीतच काढायची तयारी हवी.

नागपुरात गणेशपेठच्या बसस्थानकावरून पारशिवनीची एसटी मिळते. स्वतःची दुचाकी असेल तर कामठी, कन्हान करत जबलपूर रस्त्यानं आमडी फाट्यापर्यंत आणि तिथून डावीकडे पारशिवनी. पारशिवनीपुढे काळीपिवळी, ती भरल्याशिवाय सुटत नाही. बाजाराच्या दिवशी लगेच भरते, एरवी दुपारी तासभरही बसावं लागतं. पेट्रोल आणि रोख पैसे दोन्ही पारशिवनीतच घ्या. पुढे नेटवर्क नसल्यानं फोन-पे अडकतं आणि मग मालकांना उधारी लिहून ठेवावी लागते. आधार कार्डाची झेरॉक्स न्या, तिथं यंत्र नाही.

झोपडी सकाळी दहाला सोडायची असते. पिशव्या स्वयंपाकघराच्या पडवीत दुपारपर्यंत ठेवू देतात, त्याचे पैसे घेत नाहीत. निघण्यापूर्वी गादी उन्हात टाकून जा. काकू ती रोज टाकतातच, पण सहा झोपड्यांच्या बारा गाद्या एकट्या बाईला उचलाव्या लागतात, आणि शेवटच्या दोन-तीन बरेचदा सावलीतच राहतात.